पिवळ्या रेघेचं इलास्टिक

शनिवारची दुपार आहे. आईनं कौतुकानं पुरणपोळ्या केल्या होत्या, वर कटाची आमटी, आणि त्या कौतुकाचा मान राखता राखता केतकी आरवाडेचं पोट इतकं भरलंय की डोळे उघडे ठेवणं हेच आता एक काम होऊन बसलंय. ती आपल्या खोलीत फरशीवर बसलीय. डोक्यावर पंखा फिरतोय. समोर जुन्या चादरीवर तिचं चिलखत मांडलंय आणि त्याच्या डाव्या खांद्याचा तुकडा मांडीवर आहे.

चिलखत म्हणजे खरंखुरं लोखंडी नव्हे बरं का. योगासनांची चटई असते ना, तसला फोम कापून, गरम हवेनं वळवून, वर तांब्याचा रंग चढवलेला. चार हात लांबून बघाल तर शपथेवर सांगाल की तांबट आळीतून ठोकून आणलंय. एखाद्या गेममधलं, कॉमिकमधलं पात्र जिवापाड आवडलं की त्याचा वेश स्वतःच्या हातानं बनवायचा, अंगावर चढवायचा आणि तसल्याच वेड्यांच्या मेळ्यात दिवसभर ते पात्र होऊन मिरवायचं, याला कॉस्प्ले म्हणतात. बहुरूपी म्हणालात तरी माझी ना नाही. फक्त बहुरूप्याला चार पैसे मिळतात, हे लोक पदरचे घालवतात आणि वर खूशही असतात.

उद्या सांगलीत तसलाच रूपमेळा आहे, आणि केतकी त्यातली बडी असामी. उद्या सकाळी तिच्या हस्ते एका टेबलाची फीत कापायचीय. टेबलाचं नाव ‘हेरंब तारळेकर दुरुस्ती टेबल’. कुणाचा पंख निखळला, कुणाची तलवार मोडली, तर त्यानं तिथं धावायचं. फीत कापली की हेरंबदादाबद्दल केतकीनं दोन शब्द बोलायचे. ते सकाळपासून सुचत नाहीयेत. सुचत नाहीयेत असंही नाही म्हणा. सुचताहेत ते खोटे आहेत, आणि खरे आहेत ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत. खरं बोलली तर ह्या लोकांत तिला उद्यापासून कुणी उभं करणार नाही, अशी तिला धास्ती आहे. आणि नाही बोलली तर? तिथवर ती विचार जाऊच देत नाही.

हेरंब तारळेकर मेडिकलमध्ये कामाला होता. गेल्या वर्षी डेंग्यू झाला आणि आज जरा बरं वाटतंय म्हणता म्हणता गेला. अडतिशीचा होता.

केतकी खांद्याचा तुकडा उलटा करते. आतल्या बाजूला पट्टा आहे, काळं इलास्टिक, मधोमध पिवळी रेघ. तिचं बोट त्या रेघेवरून जातं, परत येतं, परत जातं. मान एका बाजूला कलते.

“हलू नको की गं,” मागून कुणीतरी म्हणतं.

तिला लगेच कळतं कोण आहे ते. शब्द जरा अडखळत येतात, कारण हेरंबदादाच्या तोंडात कायम सेफ्टी पिना धरलेल्या असतात.

“दादा, तू गेलास ना?”

“हं,” तो म्हणतो आणि तिच्या खांद्याशी खटपट करत राहतो.

खोली तिचीच आहे, पण भिंतीवर आता मोठा आरसा आहे आणि आरशाच्या कडेनं टिकल्या चिकटवलेल्या आहेत, लाल, मरून, हिरव्या. म्हणजे ही मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली झाली. रूपमेळा तिथंच भरतो. लग्नाच्या तारखा नसल्या की कार्यालय स्वस्तात मिळतं, मग स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांच्या जागी भुतं-राक्षस उभे राहतात आणि वधूपक्षाच्या खोलीत सगळे कपडे बदलतात. आताही कोपऱ्यात एक शिंगवाला राक्षस उकिडवा बसून पोहे खातोय. त्याची शिंगं एका परीनं धरून ठेवलीत, गोंद वाळेपर्यंत. परीची आणि त्याची ओळखसुद्धा नाही. आणखी एक पोरगी आरशात बघून कानामागचा रंग पुसतेय आणि तिला कुणीतरी आपला रुमाल देतंय. केतकीच्या छातीत गलबलून येतं. आपली माणसं म्हणायची ती हीच, असं वाटायला लावणारी ही खोली होती. घरी जे पोर चार शब्द बोलत नाही ते इथं शेपूट लावून नाचतं.

“पट्टा पार तुटलाय माझा,” केतकी म्हणते. आवाज रडवेला आहे. तिला आठवतं, हे त्याच दिवसाचं आहे. ती त्या वर्षी पहिल्यांदा वेशांच्या स्पर्धेची परीक्षक झाली होती आणि स्टेजवर जायच्या आधीच खांद्याचा पट्टा तुटला होता. “आता मी काय करू? सगळे बघणारेत.”

“काही करू नको. उभी राहा.”

मागे कात्री चालल्याचा आवाज येतो. कच्च. नुसता एकदाच. त्या दिवशीही हा आवाज आला होता आणि तिनं मागं वळून बघितलं नव्हतं.

“काय कापलंस?”

“हं,” तो म्हणतो.

ती वळायला बघते तर समोर एसटीची खिडकी आहे. दोघं मागच्या सीटवर बसलीत, पुण्याच्या मेळ्याला निघालीत, आणि मधे हेरंबदादाचे पंख आहेत. त्याचं पात्र कावळ्यांचा राजा. पुठ्ठ्याचं आणि फोमचं एकेक पीस त्यानं हातानं कापलेलं, आणि दोन्ही पंख मिळून दोन माणसांची जागा खाऊन बसलेत. कंडक्टर येतो, पंखांकडे बघतो, हेरंबदादाकडे बघतो.

“हे काय?”

“पंख आहेत, साहेब.”

“मग उडत जायचं की. एसटीत कशाला आला?”

अख्खी गाडी हसते. हेरंबदादा सगळ्यात जास्त हसतो, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. पुढच्या सीटवरची एक म्हातारी कौतुकानं एका पिसाला हात लावते आणि विचारते, “कुठल्या नाटकात हायसा?” तो तिला सगळं समजावून सांगत राहतो, कराड येईपर्यंत. केतकी खिडकीला डोकं टेकून ऐकतेय. तिला वाटतं, गाडी अशीच चालू राहावी, पुणं येऊच नये.

“दादा, मला तुला एक सांगायचंय.”

“हं.”

“तोंडातल्या पिना काढ की आधी.”

तो मान हलवतो. नाही काढत. तो असाच होता. समोरच्याचं काम संपेपर्यंत पिना तोंडातून काढायचा नाही.

“उतरा,” कंडक्टर म्हणतो. केतकी उतरते आणि पाय पडतो तो सतरंजीवर. लांब टेबल आहे, टेबलामागे ती बसलीय, गळ्यात परीक्षकाचा बिल्ला. समोर हेरंबदादा उभा आहे. राज्याभिषेकाला आल्यासारखा ताठ. काळा अंगरखा, मागे पंख. त्याला बघून बाहेर टाळ्या पडल्या होत्या, त्या अजून ऐकू येताहेत.

“वेश उलटा करून दाखवा,” ती म्हणते.

इथली एक रीत सांगायला हवी. स्टेजच्या आधी परीक्षक एका बंद खोलीत वेश आतून बघतात. शिवण कशी आहे, गोंद कुठं फासलाय, हे आतल्या बाजूलाच कळतं. आणि आतली बाजू म्हणजे माणसाची लाजच असते हो. बाहेरून कितीही राजा असो, आत कुठंतरी ठिगळ असतंच. म्हणून त्या खोलीत जे बघायचं ते त्याच खोलीत ठेवायचं, हा पहिल्यापासूनचा शिरस्ता. लिहून कुणी ठेवलेला नाही, तरी सगळे पाळतात.

हेरंबदादा अंगरखा उलटा करतो. आत सेफ्टी पिनाच पिना. प्रत्येक पिनेखाली औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी. घाईनं, वेडीवाकडी, थरावर थर. पंख पेलणारा पट्टाच जागेवर नाही, नुसता एक कापलेला तुकडा लोंबतोय.

“जरा गडबड झाली सकाळी,” तो म्हणाला होता. तेवढंच.

केतकीला दिसतं, आपला हात फोनकडे चाललाय. ती त्याला थांबवायला जाते. हात तिचा, पण थांबत नाही. फोटो निघतो. खाली ओळ उमटते: ‘बाहेरून राजा, आतून दवाखाना. मंडळी, असलं काम कधी करू नका.’ नाव कुठं टाकलं नव्हतं. नाव टाकायची गरजच काय होती, कावळ्यांचे राजे सांगली जिल्ह्यात किती असणार?

मग सुटलंच की सगळं. भिंतीवर, टेबलावर, सतरंजीवर एकेक वाक्य उमटत जातं आणि केतकी वाचत जाते. बँडेजबुवा आले. बँडेजबुवा, टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंत का. ह्या वयात मुलांचे खेळ कशाला. काळा रंग लावायची तरी गरज होती का ह्याला. लिहिणारे कोण, तर तेच, सकाळी ज्यांची शिंगं त्यानं चिकटवली होती. पुढच्या भेटीला एकानं त्याला बँडेजचा रोल पुडीत बांधून भेट दिला. तो हसला, म्हणाला, “उपयोगाला येईल.” त्यानंतर तो कुठल्या मेळ्याला आला नाही. आणि गेला तेव्हा ह्याच लोकांनी काळे फोटो लावले आणि लिहिलं, असा माणूस होणे नाही. केतकीनंही लिहिलं. तिचं सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

“मला माहीत नव्हतं रे,” ती म्हणते. “फोटो टाकला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.”

आता घाट आहे. कृष्णेचा, ओळखीचा. पाण्याजवळच्या पायरीवर हेरंबदादा बसलाय आणि तिच्या खांद्याचा तुकडा त्याच्या मांडीवर आहे. मेळ्यातले लोक फोटो काढायला इथं यायचे आणि धुणं धुणाऱ्या बायका काम सोडून बघत बसायच्या. आज बायका नाहीत, पण धुणं आपटल्याचा आवाज येतोय.

हेरंबदादा तोंडातली एक पिन काढतो आणि तिच्या तळहातावर ठेवतो. मग दुसरी. मग तिसरी. पिना कोमट आहेत.

“कधी कळलं मग?” तो विचारतो. तोंड मोकळं झाल्यावर त्याचा आवाज कसा स्वच्छ येतो, हे ती विसरूनच गेली होती.

“त्याच रात्री. चिलखत काढलं. पट्टा बघितला. काळा, मधे पिवळी रेघ. आणि फोटोत तुझ्या अंगरख्यात तसलाच तुकडा लोंबत होता. कोपऱ्यात. तू तुझा पट्टा कापून मला लावलास. म्हणून तुझ्या पिना.”

“मग?”

“मग काय.”

“मग काय केलंस, ते सांग की.”

ती नदीकडे बघते. तिला वाटतं, जागं व्हावं. आपल्याला जागं होता येतं हे तिला कुठंतरी माहीत आहे, पण तो वाट बघत बसलाय आणि तो वाट बघत असताना असं उठून जाणं बरं दिसत नाही.

“हजारो लोकांनी बघितला होता तोवर,” ती म्हणते. “सगळे म्हणत होते, केतकीताई किती बारीक बघते. मला वाटलं, आता काढला तर विचारतील का काढला. म्हणून मी… मी तो काढला नाही. कोपरा कापला आणि त्याच्या जागी कापलेला टाकला. तो तुकडा दिसू नये म्हणून.”

ते बाहेर पडलं. ज्याला सांगायचं त्यालाच सांगून झालं, आणि तरी तिला हलकं वाटत नाही.

“तू बघितलं होतंस का रे?” ती विचारते. “कापलेलं?”

“बघितलं की. आधी पूर्ण, मग कापलेला. मी काय आंधळा आहे?”

“मग बोलला का नाहीस? एक ओळ लिहायची होतीस. तोंड बंद झालं असतं सगळ्यांचं.”

“काय लिहू? की मी बाईंना इलास्टिक दिलं होतं? दिलेलं बोलून दाखवायचं असतं होय?” तो मांडीवरचा तुकडा उलटा करतो. “आणि मला वाटलं, तू लिहिशील.”

केतकीला रडू येतं. आवाज फुटत नाही, नुसतं पाणी येत राहतं.

“राग आला होता तुला?”

“आला होता म्हणजे? मी काय संत आहे? गाडीवरून दुकानात जाताना हेल्मेटच्या आत शिव्या द्यायचो तुला. मोठमोठ्यानं. सिग्नलला लोक बघायचे.” तो हसतो, एसटीत हसला होता तसं, पण लवकर थांबतो. “बँडेजबुवाचं काय एवढं नाही गं. पोरं आहेत, आज बुवा म्हणतील, उद्या बाबा म्हणतील. तू तो कोपरा कापलास ना, ते लागलं. मला वाटलं, हिला कळलंय. कळूनसुद्धा.”

वाक्य तो पुरं करत नाही. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, तिला वाटतं.

“मला माफ कर, दादा.”

“आता मी कुठला माफ करणार? मी गेलोय. जिवंत असताना विचारायचं ते.” हे तो रागानं म्हणत नाही. दुकान बंद झालंय, उद्या या, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं साधं म्हणतो. “उद्या काय बोलणारेस?”

“तू किती चांगला होतास ते.”

“ते नको. ते सगळे बोलतात. माझी आई ऐकून ऐकून कंटाळली.”

“मग काय बोलू?”

“माझं इलास्टिक दे आधी,” तो म्हणतो.

ती बघत राहते. तो खिशातून ब्लेडचं पान काढतो आणि खांद्याच्या तुकड्याचे टाके एकेक करून उसवायला लागतो. घाई नाही. धागा तुटल्याचा बारीक आवाज येतो, आणि त्या प्रत्येक आवाजाबरोबर तिला आपल्या खांद्यावर गार वारा लागल्यासारखं वाटतं. पट्टा सुटतो. तो बोटाला गुंडाळतो, नीट, पिवळी रेघ वर ठेवून, आणि खिशात टाकतो.

“आता मी स्टेजवर कशी जाऊ?” हे विचारताना तिचं तिलाच नवल वाटतं. ह्या घटकेलाही आपल्याला स्टेजच सुचतंय.

“पिना आण इकडं,” तो म्हणतो. ती तळहात पुढं करते. तो त्यातल्या दोन उचलतो, पहिली दातात धरतो. “आणि हलू नको.”

“केतकी, अगं चहा टाकलाय. ऊठ आता,” आई म्हणतेय, आणि पाण्यावर ऊन चमकतंय, आणि ते ऊन खिडकीच्या गजातून तिच्या तोंडावर आलंय.

ती फरशीवर आडवी झालीय. गालावर चादरीचे वळ उठलेत. पंखा फिरतोय. खांद्याचा तुकडा तिच्या छातीशी आहे, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. ती उठून बसते, तोंड पुसते, आणि सवयीनं तो तुकडा उलटा करते.

इलास्टिक नाही.

चादर झटकते, चिलखताचे बाकीचे तुकडे उचलून बघते, स्वतःच्या मांडीखाली बघते. कुठंच नाही. जिथं टाके होते तिथं नुसती भोकं आहेत, आणि त्या जागी सुती पट्टीचा एक तुकडा दोन सेफ्टी पिनांनी अडकवलाय. पिनांखाली चिकटपट्टी आहे. वेडीवाकडी, थरावर थर.

“हा काय पसारा केलायस गं?” आई दारात चहाचा कप घेऊन उभी आहे. “आणि रडतीयस का? उद्याचं भाषण झालं का लिहून?”

“आई, तू आली होतीस मघाशी इथं? ह्याला हात लावलास?”

“मी कशाला हात लावू तुझ्या त्या फोमला? मागं लावला तर केवढी ओरडली होतीस. चहा घे, गार होईल.”

आई कप टेकवून जाते. केतकी फोन उचलते. जुने फोटो वर सरकवत, सरकवत ती मागे जाते, आणि तो सापडतो. न कापलेला. तिनं तो कधीच पुसला नव्हता, का ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं. अंगरखा, पिना, आणि कोपऱ्यात लोंबणारा काळा तुकडा, मधोमध पिवळी रेघ. ती तो फोटो रूपमेळ्याच्या लोकांना पाठवते आणि खाली लिहिते, ‘उद्या टेबलामागे हा मोठा करून लावा. पूर्ण. ह्याच्याबद्दलच बोलणार आहे.’ पाठवल्यावर फोन पालथा ठेवते.

मग ती खांद्याचा तुकडा अंगावर चढवते, दंडाभोवती सुती पट्टी ओढून घेते. पिना चिकटपट्टीआडून कातडीला टेकतात. ती हात वर करते, खाली करते. खांदा उडवून बघते. मग तळहातानं त्या पिना जोरात आत दाबते, आणखी जोरात, आणि वाट बघते.

कुठंच टोचत नाही.